हरिश्चंद्रगड जानेवारीत: नळीची वाट की साधले घाट? सल्ला हवाय

डोंबिवली_लोकल

नमस्कार मंडळी, आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, सगळे ऑफिसवाले, वय तीस ते चाळीस. कळसूबाई, राजगड, कलावंतीण झालंय, हरिश्चंद्रगड पण पाचनई गावाहून झालाय पण ती वाट फारच सोपी वाटली, दोन-अडीच तासात वर. आता गडाच्या कोकणातल्या पायथ्याच्या बेलपाडा गावातून नळीच्या वाटेने चढायचं डोक्यात आहे, जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार धरून. व्हिडिओ बघून सगळे एकदम पेटलेत. दोघांचा दम चांगला आहे, बाकीचे ठीकठाक, आणि एकाला उघड्या कड्यावर जरा धडधडतं (कलावंतीणच्या पायऱ्यांवर तो बसून उतरला होता). दोर वगैरे कधी वापरलेला नाही. तयारीला दीड महिना आहे. थेट नळी करावी का आधी दुसरी कुठली वाट? आणि तयारी नक्की कशाची करायची, नुसतं पळून चालेल का?

कारवी

तुमच्या ग्रुपसाठी थेट नळी नको, हे आधीच सांगते. कारण दम नाही, दम दीड महिन्यात येईल. नळी म्हणजे कोकणकड्याच्या (गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्याच्या) बाजूची उभी घळ आहे, पूर्ण मोठमोठ्या धोंड्यांनी आणि सुट्या दगडांनी भरलेली, आणि तिथे तुमच्या पुढे चढणाऱ्याच्या पायाखालून सुटलेला दगड सरळ तुमच्यावरच येतो, बाजूला व्हायला जागाच नसते. मग वर कातळाचे टप्पे लागतात, तिथे दोर लावून एकेकाला घ्यावं लागतं. म्हणजे सहा जण असतील तर पाच जण नुसते अरुंद जागी उन्हात थांबलेले. आणि अर्ध्यावर कोणी गळपटलं तर? घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावरून, खाली उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड, आणि मधून बाहेर पडायला सोपी वाट नाही. म्हणून ज्याला धडधडतं त्याच्याकडे बघून वाट ठरवा, सगळ्यात दमदार दोघांकडे बघून नका.

मी काय सुचवेन तर यावेळी बेलपाड्यातून साधले घाटाने चढा आणि दुसऱ्या दिवशी टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरा. साधले घाट पण चांगला दमवतो, घसारा आहेच, पण नळीसारखा कातळाचा खेळ नाही. बेलपाडा खाली कोकणात आहे आणि खिरेश्वर मुळातच घाटमाथ्यावर, त्यामुळे एका चढाईत हजार मीटरच्या वर उंची घेतल्यावर आपल्या ग्रुपचं नक्की काय होतं ते कळेल. पाचनईवरून ते कळत नाही. हे सगळे हसतखेळत वर पोचले तर पुढच्या सीझनला नळी करा.

घाटवाटा_७७

कारवीताईंशी पूर्ण सहमत. थोडी भर घालतो.

तयारीचं म्हणाल तर पळण्याने छाती तयार होते, गुडघे नाही. बिल्डिंगचे जिने चढा, लिफ्ट बंद, पाठीवर सॅकमध्ये सात-आठ किलो वजन टाकून, सुरुवातीला वीस मिनिटं मग वाढवत तासभर. आणि उतरताना पण जिन्यानेच उतरा, सावकाश, पाऊल पूर्ण टेकवून. लोक चढायची प्रॅक्टिस करतात आणि खिरेश्वरच्या उतरणीला मांड्या थरथरायला लागतात. टोलार खिंडीच्या वरच्या कातळावर रेलिंग आहे, तिथे काही त्रास नाही, पण त्याआधी गडावरून खिंडीपर्यंत येताना टेकड्यांमागून टेकड्या पार करायच्या असतात आणि तिथेच पाय संपतात. मध्ये एखादा रविवार पाठीवर वजन घेऊन पूर्ण दिवसाचा ट्रेक करा म्हणजे बूट कुठे चावतात तेही कळेल. नवे बूट ट्रेकच्या दिवशी अजिबात नको आणि जुन्यांचे सोल वाकवून बघा, डिंक सुटलेला असेल तर घरीच कळू दे.

पाणी प्रत्येकी चार लिटर, बेलपाड्यातच भरून घ्या. जानेवारीत ओढ्याला पाणी मिळेलही पण त्याच्या भरवशावर निघायचं नाही. गूळ-शेंगदाणे, संत्री, इलेक्ट्रॉल. हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवाच, मोबाईलचा टॉर्च नको, हात मोकळे लागतात. तंबू नेऊ नका, वर स्थानिकांच्या झोपड्यांमध्ये पिठलं-भाकरी आणि राहायची सोय होते, फक्त आधी फोन करून ठेवा. पाठीवर जितकं कमी तितका तोल चांगला.

अजून एक, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. या कड्यांना आग्या मोहोळं असतात. परफ्यूम, डिओ लावून येऊ नका, कड्याखाली सिगरेट नको, शेकोटी नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर घळीत पळायला जागा नसते.

डोंबिवली_लोकल

खूप खूप आभार दोघांचे. ग्रुपवर दोन्ही उत्तरं टाकली, दोघे जण जरा हिरमुसले पण साधले घाटाला सगळे तयार झाले, आणि ज्याला धडधडतं तो सगळ्यात खूश. दोन प्रश्न राहिले. वाटाड्या घ्यायलाच हवा का, जीपीएसचा ट्रॅक डाउनलोड केलाय. आणि चढायचं बेलपाड्यातून, उतरायचं खिरेश्वरला, मग गाडीचं काय करायचं?

कारवी

वाटाड्या घ्याच, बेलपाड्यातलाच घ्या. घळीत आणि दाट झाडीत जीपीएस वीस-तीस मीटर इकडेतिकडे दाखवतो आणि घाटवाटेत तेवढ्यात आपण भलत्याच ओढ्याला लागतो. गावच्या माणसाला यंदाच्या पावसात कुठे दरड आली, वाट कुठून सरकली ते माहीत असतं. पैसे आधी बोलून घ्या, घासाघीस नको, आणि त्याच्या जेवणाची सोय आपण करायची. पहाटे सहाला गावातून पाय निघालाच पाहिजे. हा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळभर सावली मिळते आणि दुपारनंतर ऊन समोरून भाजतं, म्हणून बाराच्या आत मोठा चढ संपलेला बरा.

वर पोचल्यावर कोकणकड्याच्या काठावर उभं राहून सेल्फी कोणी काढायची नाही, पोटावर झोपून बघा, वारा खालून वर येतो आणि भोवंडतं.

घाटवाटा_७७

गाडी आणूच नका, आणायची तर ड्रायव्हर ठेवा, तो माळशेज घाट चढून खिरेश्वरला येईल. नाहीतर कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी आळेफाट्याची एसटी पकडायची, सावर्णे गावाजवळ उतरायचं आणि तिथून बेलपाड्यापर्यंत जीप मिळते का ते वाटाड्यालाच विचारून ठेवा. शुक्रवारी रात्री गावात मुक्काम केलात तर पहाटेची घाई वाचते. परतीला खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खुबी फाट्यापर्यंत साधारण पाच किलोमीटर चालायचंय, दमलेल्या पायांनी ते चांगलंच लांब वाटतं, त्यामुळे गावातून गाडी मिळाली तर करा. फाट्यावर कल्याणकडे जाणाऱ्या एसट्या थांबतात, पण रविवारी संध्याकाळी भरून येतात, चारच्या आत फाट्यावर असा. खिरेश्वरला अर्धा तास हातात असेल तर नागेश्वराचं देऊळ नक्की बघा, आतलं छतावरचं कोरीवकाम मान वर करून बघण्यासारखं आहे.