अमेरिकेत माणूस पहिल्यांदा कधी पोहोचला? व्हाइट सँड्सच्या तारखांबद्दल मदत हवी आहे

पुरातत्त्वशास्त्राचा प्राथमिक अभ्यास सुरू केलाय. क्लोव्हिस या प्राचीन संस्कृतीपर्यंतची गोष्ट सरळ होती: सुमारे १३,००० वर्षांपूर्वीची, खाचा पाडलेली दगडी भाल्याची टोकं, आणि ती बनवणारेच पहिले रहिवासी. मग चिलीतलं मॉन्टे व्हर्दे हे प्राचीन वस्तीचं ठिकाण आलं, सुमारे १४,५०० वर्षांपूर्वीचं. तेही पचलं.

अडकलोय न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सच्या पाऊलखुणांपाशी. २०२१ मध्ये त्यांचं वय २१,००० ते २३,००० वर्षं सांगितलं गेलं, ते रुपिया या पाणवनस्पतीच्या बियांच्या कार्बन-कालमापनावरून. आक्षेप असा की पाण्यातली वनस्पती विरघळलेला जुना कार्बन घेते, त्यामुळे वय फुगतं. मला तो रास्तच वाटला. पण २०२३ मध्ये जमिनीवरच्या सूचिपर्णी झाडांच्या परागकणांचं वय आणि क्वार्ट्झ कणांचं प्रकाशीय कालमापन (कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजणं), दोन्ही साधारण त्याच काळाकडे बोट दाखवतात.

आता प्रश्न. परागकण जुन्या थरांतून वाहत येऊन पुन्हा साचले असतील, ही शक्यता कशी तपासतात? दगडी हत्यारं नसताना नुसत्या पाऊलखुणा पुरेशा मानायच्या का? (मला तर दगडापेक्षा पाऊल जास्त बोलकं वाटतं. तुटलेला दगड निसर्गही घडवतो.)

आणखी एक. तेव्हा कॅनडातली हिमचादर आशियातून येणारी जमिनीवरची वाट अडवून होती, म्हणजे किनाऱ्यानेच आले असावेत. पण हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, तो किनारा आज बुडालेला. मग या मार्गाचा पुरावा शोधतात तरी कुठे?

जाणकारांनी जरा उलगडून सांगावं, मराठीत वाचायला काही असेल तर तेही सुचवा.