रिकाम्या गव्हाणीसमोर

ताई, तुम्ही लिहिलंत की यंदा घरात दुःख आहे, आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू झाला तरी प्रार्थनेत मन लागत नाही, विश्वासच डळमळलाय. या काळातला तिसरा रविवार आठवून बघा. दर रविवारी एक मेणबत्ती पेटवतो त्या चक्रातल्या तीन मेणबत्त्या जांभळ्या, या रविवारची एकच गुलाबी, आनंदाची. आणि मिस्सातल्या वाचनांच्या तीन वर्षांच्या क्रमातल्या 'अ' वर्षी त्याच दिवशी वाचतात काय? योहान तुरुंगात आहे. ज्याने यार्देनच्या पाण्यात येशूला बाप्तिस्मा दिला, तोच शिष्यांकरवी विचारतो, येणारे ते तुम्हीच ना, की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी? (मत्तय ११:३) येशू त्याच्यावर रागावत नाही. उलट लोकांसमोर त्याचा मोठेपणा सांगतो. म्हणून शंका आली की विश्वास संपला, हे मला पटत नाही.

आई गेली त्या वर्षी मी नाताळचा, येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करणारच नव्हते. धाकटीने मात्र आईच्याच वाटीत नाचणी पेरली, गोठ्यातल्या हिरवळीसाठी. बोटभर कोंब वर आले, मग गोठा करावाच लागला. बाळ येशूला ठेवायची गव्हाण तेवढी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सापर्यंत, चर्चमधल्या उपासनेपर्यंत, रिकामी ठेवली, दरवर्षीसारखी. शब्द नाही सुचले तरी तुम्हीही तिच्यासमोर थोडा वेळ बसा, ताई. तुमच्यासाठी रोज संध्याकाळी रोझरी, जपमाळेची प्रार्थना, म्हणतेय.