कूलंट 'मिन'च्या खाली गेलंय. काय भरू, कसं भरू?

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल, बऱ्यापैकी जुनी. गणपतीला पुण्याहून चिपळूणला जायचंय, कुंभार्ली घाटाने. निघण्याआधी बोनेट उघडून पाहिलं, तर कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत पातळी 'मिन'च्या रेघेखाली बोटभर. मागच्या सर्व्हिसिंगला 'मॅक्स'पर्यंत होती. तापमानाचा काटा जागच्या जागी आहे, पार्किंगमध्ये डागही नाही.

टाकीत हिरवं कूलंट आहे, दुकानदार गुलाबी देतोय. म्हणतो, "रंगाचं काय घेऊन बसलात!" बाबांचं म्हणणं, अँबॅसॅडरला आम्ही नळाचंच पाणी ओतायचो. शिवाय पातळी सकाळी एक दिसते, ऑफिसातून आल्यावर वेगळीच. खरी कुठली धरायची? आणि रेडिएटरचं झाकण उघडावं लागतं का? मला त्याची जाम भीती वाटते.

प्रतिसाद १

भीती वाटते ते बरंच आहे. सकाळची पातळी खरी. गाडी सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड. तापलं की कूलंट प्रसरण पावतं, म्हणून संध्याकाळी वर दिसतं.

गरम असताना रेडिएटरच्या किंवा टाकीच्या, कुठल्याच झाकणाला हात नको. आत दाब असतो, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण सैल केलंत की दाब सुटतो, तिथेच उकळी फुटते आणि सगळं तोंडावर येतं. वरचा जाड रबरी पाईप हाताला गार लागला की मग फडकं धरून झाकण हळू फिरवा. टाकीतूनच भरा, 'मॅक्स'च्या वर नको. पंख्यापासून बोटं लांब. काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

प्रतिसाद २

दुकानदाराचं अर्धंच खरं. रंग म्हणजे नुसता डाय, प्रत्येक कंपनीचा वेगळा. पण म्हणून काहीही मिसळून चालत नाही. आतली रसायनं जुळली नाहीत तर गंजरोधक गुण जातो, कधी कधी गाळ धरतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचंच घ्या. कॅनवर 'प्रीमिक्स' (पाणी आधीच मिसळलेलं) असेल तर तसंच ओता. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं ते चालेल (पाणी हं, ॲसिड नव्हे!). नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, बोअरचं तर त्याहून वाईट. घाटात अडकलातच तर बाटलीतलं पाणी घाला, पण नंतर कूलंट बदलून घ्या.

आणि सांडलेलं लगेच धुऊन टाका. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

प्रतिसाद ३

भराल हो, पण गेलं कुठे? बोटभर म्हणजे कमी नाही. डाग नाही म्हणून गळती नाही असं नसतं, गरम इंजिनावर थेंब वाळून जातो. पाईपांच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखाली टॉर्च मारा. डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं, गाडीत गोडसर वास, म्हणजे हीटर कोअर (गाडीतल्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर असेल तर घाटाचं नाव काढू नका, आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.

धागाकर्ता

ऑइल स्वच्छ, कार्पेट कोरडं. पण खालच्या पाईपाच्या क्लिपेभोवती हिरवट-पांढरी पूड जमलीय. हेच का?

प्रतिसाद ३

हेच. क्लिप बदला, पाईप कडक झाला असेल तर तोही. मग भरा, टाकीवर मार्करने रेघ मारा आणि जायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी बघा.