घरी केलेलं उजळपणाचं क्रीम: तुमचं काय मत?

उटणेवाली: बाजारातलं डाग घालवायचं क्रीम मी आता हातात पण घेत नाही. अकोल्याचं प्रकरण आठवतंय ना, २०२३ च्या सुरुवातीला पेपरात आलेलं, एकाच घरातल्या तिघींनी पार्लरमधून मिळालेलं क्रीम लावलं आणि किडनीचं दुखणं मागे लागलं, केईएमला तपासलं तर क्रीममध्ये पारा! त्यापेक्षा घरचं काय वाईट? कोरफडीचा गर, ग्लिसरीन, व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल, अर्धं लिंबू, ऑनलाइन मागवलेली कोजिक ॲसिडची (डाग फिके करणारं रसायन) चिमूटभर पावडर. आत काय आहे ते निदान मला माहीत असतं.

पीएच_साडेपाच: काय आहे ते माहीत आहे हो ताई, पण किती आहे? ५० ग्रॅम क्रीमला १ टक्का कोजिक म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि किचनमधला वजनकाटा बहुतेक १ ग्रॅमच्या खाली काही दाखवतच नाही. चिमूट तुमची वेगळी, माझी वेगळी. त्यात लिंबू, पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास, आपल्या स्किनचा ५ च्या आसपास. लिंबू लागलेल्या जागेवर ऊन पडलं की फोड येऊन मागे काळा डाग राहू शकतो, म्हणजे उजळायचं राहिलं बाजूलाच.

उटणेवाली: आमच्या आजीने जन्मभर सायीत लिंबू पिळून लावलं, तिला कुठे फोड आले? उगाच घाबरवता.

जुना_कंपाउंडर: आजी दहा मिनिटांत धुवून टाकायची, उरलं तर फेकायची. तुम्ही बरणीत भरून ठेवताय, फरक तिथे आहे. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ पाणीच, प्रिझर्व्हेटिव्ह नसेल तर बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच जंतू वाढलेले असतात. व्हिटॅमिन ई ने तेल खवट व्हायचं लांबतं, जंतू मरत नाहीत.

नागपूरची_मावशी: मला तर घरगुतीपेक्षा त्या मिक्सिंगची भीती वाटते. रील बघून मुली मेडिकलमधली ती डागांवरची तिहेरी ट्यूब, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड अशी तीन औषधं एकत्र असलेली, चिठ्ठीशिवाय आणून कोल्ड क्रीममध्ये कालवतात. माझ्या भाचीने तेच केलं, पहिले पंधरा दिवस चेहरा असा चकाकला की सोसायटीतल्या बायका रेसिपी मागायला आल्या, आणि बंद केल्यावर गाल लालबुंद, बारीक पुटकुळ्या, हनुवटीवर लव. उन्हात उभं राहवत नाही पोरीला.

उटणेवाली: मी स्टेरॉइड घालतच नाही, मला त्यात कशाला ओढता?

पीएच_साडेपाच: नाही ओढत. पण डागच घालवायचे तर नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३ चा एक प्रकार) ५ टक्केवालं तयार सीरम आणि रोज सनस्क्रीन, एवढं करून बघा की. लेबलवर कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी बघून घ्या, पार्लरच्या बिनलेबलच्या डबीशी त्याची बरोबरी नको. आणि आताच्या बरणीला किती दिवस झाले?

उटणेवाली: ११. फ्रिजमध्येच आहे. थांबा, बघते.

उटणेवाली: झाकणाला आतून करडे ठिपके आहेत. क्रीम मात्र चांगलं दिसतंय.

जुना_कंपाउंडर: वरचा थर काढून खालचं लावणार असाल तर नका हो लावू!

उटणेवाली: फेकतेय. पण बाजारातलं आणणार नाही म्हणजे नाही, बेसन आणि साय, तेही लिंबाशिवाय.