डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायलाच हवं का?

उद्यमनगरवाला: आपल्या कोल्हापुरात पीसीचं कोटेशन मागितलं की बऱ्याचदा त्यात जीटी ७१० सारखं एखादं स्वस्त ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड, दिसतं. बिलं, टॅली, ऑनलाइन लेक्चर, ऑटोकॅडमधली टू-डी ड्रॉइंगं, एवढंच काम असेल तर ते कार्ड काढायला सांगा. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक्स त्याच्यापेक्षा कितीतरी ताकदीचं आहे. शिवाय त्या पिढीच्या कार्डांना नवे गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठी कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं त्यांची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०२१ मध्येच थांबवलं. वाचलेल्या पैशात ८ जीबीच्या दोन रॅम घ्या. एकच १६ची नको. आतलं ग्राफिक्स रॅमवरच चालतं, त्यामुळे ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन रॅम एकदम चालण्याचा, फरक डोळ्यांना दिसतो.

हुपरीचा_थ्रीडीवाला: दादा, जीटी ७१० बद्दल मान्य. पण त्यावरून ‘कार्डच नको’ म्हणणं मला पटत नाही. मी चांदीच्या दागिन्यांची थ्रीडी मॉडेलं करतो. आतलं ग्राफिक्स रॅममधला वाटा उचलतं आणि रेंडर (मॉडेलचं अंतिम चित्र काढणं) लावला की मशीन अडकतं. आणखी एक, आज ५६००जी घेऊन पुढं कार्ड टाकू म्हणणारा फसतो. त्यात एल३ कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा मार्ग) पण जुन्या ३.० वरच थांबतं. कार्ड घ्यायचंच असेल तर जी कशाला?

उद्यमनगरवाला: कॅशचा मुद्दा खरा आहे, भावा. पण साध्या ५६०० ला ग्राफिक्सच नाही. इंटेलच्या नावाशेवटी एफ असलेल्या प्रोसेसरचंही तेच. कार्ड गेलं की स्क्रीन काळी, मदरबोर्डावरचं एचडीएमआय असून नसल्यासारखं. ऑर्डर द्यायच्या दिवशी असं झालं तर कारखानदारानं काय करायचं? रायझन ७००० पासून एफ सोडून बहुतेकांत छोटं ग्राफिक्स आलंय, ते मला फार मोलाचं वाटतं.

शाहूपुरी_रिपेअर: दोघंही ‘हे की ते’ असं का धरून बसलाय? दोन्ही एकत्र चालवता येतात. २००८ च्या सुमाराला ग्राफिक्स बोर्डाच्या चिपसेटमध्ये (बोर्डावरच्या मुख्य चिपमध्ये) असायचं, तेव्हा एएमडीच्या ७८०जी बोर्डावर हायब्रिड क्रॉसफायर होतं, त्यात बोर्डाचं ग्राफिक्स आणि कार्ड मिळून काम करायचं. एनव्हिडियाचं हायब्रिडपॉवर तर काम नसताना कार्ड बंदच करायचं. ड्रायव्हरच्या कटकटीत ते मागं पडलं. २०१०-११ मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये गेलं. म्हणून आता नुसता बोर्ड बघून चालत नाही, प्रोसेसरचं पूर्ण नाव बघावं लागतं.
आजची सोय साधी आहे. कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद करतात, ते बायोसमधून (बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) चालू करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स उघडा आणि कुठलं सॉफ्टवेअर कशावर चालवायचं ते ठरवा.

हुपरीचा_थ्रीडीवाला: पण केबल बोर्डाला लावली तर कार्डानं काढलेली प्रत्येक फ्रेम पीसीआयईवरून परत आणावी लागते. थोडा वेग जातोच. मला ते चालणार नाही.

शाहूपुरी_रिपेअर: मग मुख्य मॉनिटर कार्डाला ठेव आणि दुसरा बोर्डाला. ब्राउझर, व्हिडिओ दुसऱ्यावर. कार्डाची मेमरी रेंडरला मोकळी राहते.

हुपरीचा_थ्रीडीवाला: हे करण्यासारखं आहे. पण त्यासाठी भारी कार्ड आधी हवंच, माझं म्हणणं तेच आहे.

उद्यमनगरवाला: तुझ्या कामाला हवं, नाही कोण म्हणतंय? बारावी झालेल्या पोराच्या पीसीत ७१० घालायला माझा विरोध आहे, आणि तो राहणार.