मानलेलं घर: मुलांना कादंबरी वाचून दाखवणाऱ्यांचे अनुभव

रक्ताचं नातं नसलेली माणसं एकमेकांना धरून राहतात, अशा बाल-किशोर कादंबऱ्या गावात वाचून दाखवणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी आपापली रीत इथं टाकावी. स्वतःची कहाणी नको. कुठं अडतं अन् कसं सुटतं, तेवढं लिहा.

जिल्हा परिषद शाळा, वणीकडची

आधी पानं मोजा. मोठ्यानं वाचताना मिनिटाला १०० ते १२० शब्द होतात. पानावर २५० शब्द धरले तर २५ मिनिटांत दहा-अकरा पानं, म्हणजे दीडशे पानांची कादंबरी पंधरा बैठकांत उरकते. त्याहून लांब घेऊ नका. कापूस वेचणी लागली की पोट्टे दोन-दोन दिवस दिसत नाहीत अन् गोष्ट हातची जाते. परतलेल्याला "मागं काय झालं?" विचारलं तर तो मान खाली घालतो. हजर होता त्याला सांगायला लावा, वाचणाऱ्यानं सांगू नये. पहिल्या बैठकीत चारपेक्षा जास्त नावं येत असतील तर फळ्याच्या कोपऱ्यात नाव लिहून पुढं एकेक वस्तू काढा: काठी, चष्मा, बकरी. ते पुसू नका.

मुलींचं वसतिगृह, चिमूर तालुका

यातल्या बऱ्याच कादंबऱ्या माय-बाप गेल्यापासूनच सुरू होतात. ते प्रकरण रात्री जेवणानंतर कधीच वाचू नये, सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्यावं. अन् मध्ये थांबू नये. मूल नव्या घराच्या दारात पोचेस्तोवर वाचत राहायचं, एक तास लागला तरी चालेल. "तुमच्या घरी कोण कोण आहे?" हा प्रश्न तर नकोच. त्याऐवजी पुस्तकातलं विचारा: पहिल्या रात्री तिला कुठं झोपवलं? पहिला घास कोणी दिला? ज्या मुलीला स्वतःचं बोलायचं असेल, ती यातूनच बोलते.

सार्वजनिक वाचनालय, भंडारा जिल्हा

'जंगल बुक' (१८९४) सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच पुस्तक हातात द्यावं. गोष्ट शिवनीच्या डोंगरातली, अन् त्यातली वैनगंगा आपल्याच दारावरून जाते; एवढं सांगितलं की पोरं सरसावून बसतात. लांडग्यांच्या सभेचा प्रसंग हळू वाचा. पिलाला कळपात घ्यायचं तर माय-बाप सोडून आणखी दोघांनी त्याच्या बाजूनं बोलावं लागतं. बालू बोलतो, अन् बगिरा नुकताच मारलेला बैल देऊन मोगलीला सोडवतो. इथं थांबून मुलांनाच पंचायत भरवू द्या. पुढं कळपही त्याला घालवतो अन् गावही. बरेच जण हा भाग गाळतात. तो गाळला की नुसती प्राण्यांची मजा उरते.

आर्वीकडून, निवृत्त शिक्षिका

'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स' (१९०८) घेणार असाल तर दोन जागा सांभाळा. मॅथ्यू अन् मरीला हे भाऊ-बहीण, नवरा-बायको नव्हेत. पहिल्याच दिवशी सांगा, नाही तर आठवडाभर घोळ चालतो. दुसरं, त्यांनी मुलगा मागवलेला असतो तो शेतीच्या कामाला. आपली मुलं लगेच म्हणतात, मग सालगडीच झाला ना जी! तो प्रश्न दाबू नका, सगळी कादंबरी त्याच्यावरच उभी आहे. मुलाऐवजी चुकून आलेल्या ॲनला मरीला परत पाठवायला निघते, पण जी बाई तिला कामाला न्यायला टपलेली असते तिचा स्वभाव दिसल्यावर मरीलाचं मन फिरतं.

अन् ॲन "तुम्हाला मावशी म्हणू का?" अशा अर्थाचं विचारते तेव्हा मरीला साफ नाही म्हणते, जे नातं नाही ते लावायचं नाही. मोठ्या बाईला नुसतं नावानं हाक मारणं आपल्या कानाला खटकतं, म्हणून वाचणारा सहज "मरीलाकाकू" करून टाकतो. करू नका. नातं न लावता त्या दोघी जवळ येतात, ही त्यातली खरी गंमत.

यवतमाळ, किशोरांसाठी लिहिणारा

वरच्या ताईंचं शंभर टक्के खरं. लिहितानाही हेच. "आता आपण एक कुटुंब" असं वाक्य पात्राच्या तोंडी आलं की कादंबरी तिथंच बसली. माणसं आधी अडचणीनं एकत्र येऊ द्या: एकाकडं मोटर, दुसऱ्याकडं विहीर, तिसऱ्याला नुसता स्वयंपाक येतो. तीन-चार जण पुरेत. मग हाक बदलवा. परक्या म्हातारीला "हो जी" म्हणणारा पोरगा दोनशे पानांत एकदाच "वं माय" म्हणाला पाहिजे, तेही भांडणात. दोन-तृतीयांशावर ताटातूट येऊ द्या, पण ती गैरसमजानं नको. पैशानं, पावसानं, जातीनं येते तशी यावी. अन् शेवटी श्रीमंत मामा आणू नका. तो आला की आधीचं मानलेलं घर धर्मशाळा होऊन बसतं.

गडचिरोलीकडून

एकच जोड. मार्चात शाळा सकाळची होते अन् मोहफुलं वेचायला मुलं पहाटेच रानात जातात. लांब कादंबरी दिवाळीनंतर काढा अन् फेब्रुवारीत संपवा. मग उन्हाळाभर सुटे प्रसंग पुन्हा वाचा. 'जंगल बुक'मधला सभेचा प्रसंग तर पोट्टे स्वतःच मागतात.