टिळकवाडीत सकाळी उशिराचं खाणं: नऊ जण, कुठे जावं?

प्रेषक: गुरुवार पेठेची लेक, शारजा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही भावंडं बारा वर्षांनी एकत्र बेळगावात असणार आहोत. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. समारंभ बाबांना नको आहे. माझी मुलं दुबईच्या हॉटेलांतल्या सुट्टीच्या दिवशीच्या ब्रंचवर वाढलेली, त्यांनीच सुचवलं की आजी-आजोबांना टिळकवाडीतच ब्रंचला नेऊ. मला ते मनापासून पटलं, कारण आम्ही गेलो की आई पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभी असते. एक दिवस तरी तिनं बसून खावं एवढीच इच्छा आहे.

नऊ जण आहोत. सर्वांत लहान चार वर्षांचा, सर्वांत मोठी माझी आजी, ८६ वर्षांची. टिळकवाडी, हिंदवाडी किंवा कॅम्प, कुठेही चालेल. अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं.

प्रेषक: हिंदवाडीकर, मस्कत

ताई, पन्नास वर्षांबद्दल आई-बाबांना माझा नमस्कार सांगा.

मी दरवर्षी दीड महिना हिंदवाडीत असतो, तेव्हा लिहायचा हक्क घेतो. आधी वेळ ठरवा, मग जागा. दुबईत ब्रंच दुपारी साडेबारा-एकला सुरू होऊन चारपर्यंत चालतो. बेळगावात त्या हिशोबानं निघालात तर थेट जेवणाच्या गर्दीत सापडाल. आपल्या उडुपी पद्धतीच्या हॉटेलांत इडली, वडा, शिरा, उप्पीट हे सगळं सकाळच्या भांड्यातलं असतं. अकराच्या सुमारास ते संपतं. बाराला राइस प्लेट सुरू होते. मधल्या तासाभरात स्वयंपाकघर भात-आमटीच्या मागे असतं, फरशी पुसली जाते आणि मागितलं तर डोसाच मिळतो. नऊ जणांना घेऊन त्या तासात मुळीच जाऊ नका. दहाला टेबलावर असा.

थंडीचंही ध्यानात घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. डिसेंबरात रात्री चांगलाच गारठा पडतो आणि डोशाचं पीठ आंबायला वेळ लागतो. चांगला हॉटेलवाला आदल्या दुपारीच वाटण करून उबेला ठेवतो. ज्याच्याकडे हे होत नाही त्याचा डोसा त्या दिवसांत फिका आणि चामट लागतो. मी आदल्या दिवशी एकटा जाऊन एक साधा डोसा खाऊन बघतो, मगच घरच्यांना नेतो. तुमच्या भावाला एवढं काम सांगा.

भाग विचाराल तर आरपीडी क्रॉसपासून दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंतचा पट्टा आणि काँग्रेस रोड. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चालायला येणारी माणसं नंतर त्याच बाजूला खायला जातात. साठीच्या पुढची मंडळी रोज जिथे बसतात तिथे खुर्च्या पाठीच्या असतात, पायऱ्या कमी असतात आणि सांबार गरम येतं. मी हॉटेल याच खुणेवर निवडतो. अर्धा शिरा, अर्धं उप्पीट एकाच बशीत मागवा. बेंगळुरात त्याला चौचौ भात म्हणतात, आपल्याकडे नुसतं ‘शिरा-उप्पीट अर्धं-अर्धं’ म्हटलं की कळतं. आजींना ते चावायलाही सोपं.

ब्रंच हा शब्द १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकानं मांडला, रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी. आपल्या घरांत दहाचं खाणं असतं ते अंघोळ, देवपूजा, मंडई आटोपलेल्या माणसांचं. बाबांची पूजा चुकणार नाही अशी वेळ धरा, नाहीतर ते येतील खरे, पण त्यांचं लक्ष घरी राहील.

कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, डबा आधीच आणून ठेवा, खाऊन झाल्यावर टेबलावर उघडायला.

प्रेषक: खानापूरचा, अबू धाबी

ताई, काकांनी सगळं बरोबर सांगितलं आहे. खरं एक गोष्ट राहिली. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. २०१२ ला ती इमारत झाल्यापासून हिवाळी अधिवेशन बहुतेक बेळगावातच भरतं. त्या दिवसांत शहरातल्या चांगल्या हॉटेलांच्या खोल्या आमदार, अधिकारी आणि पोलिसांसाठी आधीच धरलेल्या असतात. मोठ्या हॉटेलातल्या बफेवर भरवसा ठेवून असाल तर तारखा जाहीर झाल्याबरोबर फोन करा. मोर्चे निघाले की रस्तेही वळवतात. आम्ही खानापुरातून २६ किलोमीटर येतो, तर अधिवेशनात अर्धा तास जास्त धरूनच निघतो की.

रविवार टाळा. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळा नसते तसली सुट्टीही टाळा. मधल्या वाराला जावा, निवांत बसाल.

प्रेषक: शहापूरची, दुबई

मला मुलांची बाजू मांडायची आहे. डोसा त्यांना इथे दुबईच्या करामा भागातही मिळतो. त्यांना नवीन कॅफेत जायचं असेल तर त्यात चूक नाही. टिळकवाडीत आणि खानापूर रोडला जुन्या बंगल्यांच्या खालच्या मजल्यावर, अंगणात झाडाखाली टेबलं मांडलेले कॅफे झाले आहेत. पॅनकेक, ऑम्लेट, चीज टोस्ट, आपल्या फिल्टर कॉफीहून वेगळी चांगली कॉफी, सगळं मिळतं. नावं लिहीत नाही, कारण मागच्या दोन सुट्ट्यांत माझ्या आवडीच्या दोन जागा बदलल्या.

मात्र जूनमध्ये आम्हाला जो त्रास झाला तो तुम्हाला होऊ नये. फोनवर एका कॅफेनं ‘दहाला उघडतो’ म्हणून सांगितलं. आम्ही सासूबाईंना घेऊन दहाला पोचलो. दार उघडं होतं, स्वयंपाकघर साडेअकराला सुरू झालं. बसायला उंच, पाठ नसलेली स्टुलं. कार्ड सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि वाढणाऱ्या मुलाला मराठीही येत नव्हतं, कन्नडही नाही. सासूबाई या गावात साठ वर्षं राहिल्या आहेत, दोन्ही भाषांत बाजार करतात. त्या दिवशी त्या ‘मला काही नको’ एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

म्हणून फोनवर ‘कधी उघडता’ असं विचारू नका. ‘पहिली बशी किती वाजता हातात येईल’ आणि ‘पाठीच्या खुर्च्या किती आहेत’ हे विचारा. अंडं कुठल्या तव्यावर करतात हेही विचारा, आजी शाकाहारी असतील तर.

प्रेषक: निपाणीची, दुबई

मी नर्स आहे म्हणून मध्येच बोलते. आजींना मधुमेह आहे का? जुन्या माणसांच्या काही गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या असतात. गोळी साडेआठला आणि खाणं साडेअकराला असं झालं तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं, आणि आसपासच्यांना वाटतं गर्दीनं थकल्या. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची गोळीची वेळ नक्की करा. रोजच्या वेळेला घरी थोडं खाऊ घालूनच बाहेर काढा. पर्समध्ये साखरेची पुडी असू द्या. कुंदा आजींना चमचाभरच, तोही खाण्यानंतर.

प्रेषक: गुरुवार पेठेची लेक, शारजा

सगळ्यांचे मनापासून आभार. आजीला मधुमेह आहे आणि गोळी साडेआठचीच आहे. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. निपाणीच्या ताई, काल रात्रीच आईशी बोलून घेतलं.

ठरलं ते असं. बुधवार. साडेआठला आजीला घरी नाचणीची आंबील. बाबांची पूजा साडेनऊपर्यंत. दहाला सगळे काँग्रेस रोडच्या बाजूला, भाऊ आदल्या दिवशी डोसा खाऊन जागा पक्की करेल. आजीला शिरा-उप्पीट, पण शिरा एक घास. तिथून व्हॅक्सिन डेपोत तासभर, आजीला आणि आई-बाबांना झाडाखाली बसवून. साडेअकरानंतर मुलं आणि आम्ही तिघी कॅफेत, पॅनकेक तिथे. आजीला आणि आई-बाबांना भाऊ घरी सोडेल. कुंदा ‘कॅम्प पुरोहित’चा, मंगळवारीच आणून ठेवणार. अधिवेशनाच्या तारखा कळल्या की वार बदलावा लागेल, तेव्हा खानापूरच्या दादांना पुन्हा विचारेन.

आईला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “निघायच्या आधीचा चहा तरी मी करू ना?”

चहा घरीच होणार आहे.